तिसरी पाळी

बस इथे संपते. पुढे उतार,
उताराच्या टोकाला प्रशांत महासागर.
नाव ठेवणाऱ्याने तो
या गावातून पाहिला नसावा.
खडकांवर असा येतो,
जसं कुणी तीन महिन्यांचं भाडं थकवलंय.

तिकिटाच्या खिडकीत मांजर होतं,
शेजारी पाटी: घंटा वाजवा.
घंटेला दोरी नव्हती.
मग हेरिबेर्तो आला, एकाहत्तर वर्षांचा,
एक गुडघा दुसऱ्याची वाट बघत बघत,
हातात दोन हेल्मेटं.
'मोठं डोकं कुणाचं?' त्याने विचारलं.
मी एकटीच होते.

पिंजरा आता चाळीस मीटरच उतरतो.
त्याखाली पाणी. पंप बंद केले त्या वर्षी
सात महिन्यांत भरलं, तो म्हणाला,
नव्या भाडेकरूसारखं, आधी एका कोपऱ्यात,
मग सगळ्या खोल्यांतून.
खालचे बोगदे थेट समुद्राखाली गेलेत.
वर मासे, मध्ये दगड,
दगडाखाली आम्ही, डबा घेऊन.

मी विचारलं, सगळेच विचारत असतील ते:
समुद्राचा आवाज यायचा का?

आवाज कसला. थेंब यायचे.
छतातून थेंब पडला की जिभेवर घ्यायचा.
गोडं पाणी असलं तर फावडं उचलायचं.
खारट असलं तर

इथे त्याने दिवा विझवला.
मी हात डोळ्यांसमोर आणला,
हात आला नाही.
कुठेतरी टप्. मग बराच वेळ काही नाही.
मग पुन्हा टप्,
आणि माझी जीभ, मला न विचारता,
दातांच्या मागे सरकून बसली.

वर आल्यावर बराकी दाखवल्या.
अठरा खोल्या, एक नळ, भिंतीवर काजळीची रेघ
खांद्याएवढ्या उंचीवर,
पाठी टेकून टेकून झालेली.
तीन पाळ्या, तीन माणसं, एक खाट.
गादी कधी गार पडली नाही.
'ज्याच्या उबेत मी चार वर्षं झोपलो
तो ग्रेगोरियो मला दोनदाच दिसला.
एकदा संपात. एकदा पेटीत.'
एवढं बोलून तो खाटेची चादर नीट करू लागला.
चादर संग्रहालयाची होती,
तिला हात लावू नये असं लिहिलेलं.

ओहोटी लागली तशा बायका खाली उतरल्या,
कमरेपर्यंत रबरी बूट, हातात जाळ्या.
लाट मागे सरते आणि वाळूवर
काळे खडे सोडून जाते, ओले, चकचकीत.
खाण बंद झालेली एवढी वर्षं,
समुद्राला कुणी कळवलं नाही.
तो अजून कोळसा आणतो, बिनपगारी.
'तिसरी पाळी,' एदुविना म्हणाली,
आणि पाण्याकडे हनुवटी उडवली.
तिची जाळी अर्धी भरलेली,
अर्ध्यात शेवाळ, एक प्लास्टिकची चप्पल.

तेच खडे मग सामाईक भट्टीत.
भट्टीसमोर रांग, कणकेच्या परातींवर फडकी,
कुणाचा गोळा कुणाचा यावर थोडं भांडण,
कारण आत गेल्यावर सगळे सारखेच दिसतात.
एदुविना आपल्या पावावर
बोटाने तीन खळगे करते.
सासूही तीनच करायची.
का, ते विचारायचं राहून गेलं.

पाव फोडला, वाफ निघाली.
पहिला तुकडा हेरिबेर्तोला.
'मीठ बरोबर आहे ना?'
त्याने तुकडा जिभेवर ठेवला
आणि चावायचा थांबला.
भट्टीपाशी बोलणं थांबलं.
मुलांनीसुद्धा चेंडू पायाखाली धरला.
म्हातारा मान किंचित वर करून,
छत असावं तिथे आभाळाकडे बघत.

वरच्या थांब्यावर बसने हॉर्न दिला,
शेवटची होती. मी दोन-दोन पायऱ्या चढले.
वळणावरून पाहिलं,
त्याने अजून उत्तर दिलेलं नव्हतं.