जामीनदाराचा रकाना

आमच्या पतपेढीत बावीस वर्षं
रजिस्टर मीच लिहायचे.
चहाच्या पाल्याचं वजन, उचल, हप्ता,
आणि शेवटचा रकाना: जामीनदार.
तीन नावं. सही येत नसेल तर अंगठा,
जांभळा; म्वेन्दाचा जरा तिरका,
लहानपणी कडबा कापताना चिरलेला.

वार्षिक सभेत मुत्विरीनं फोन उंच धरला.
"तीन मिनिटं! जामीनदार नको, हेलपाटे नकोत.
तुमचा पाला, तुमचे हप्ते, याला सगळं ठाऊक."
टाळ्या पडल्या.
मी उठले. म्हटलं, याला एवढंच ठाऊक
की कारेगीनं मार्चचा हप्ता चुकवला.
का चुकवला, ते जामीनदारांना ठाऊक;
त्याच्या बायकोची शवपेटी घेऊन
तेच टेकडी चढले होते.
पुन्हा टाळ्या. थोड्या कमी.

ठराव मंजूर.

खोटं कशाला बोलू,
बिनधुराच्या चुलींना त्यानंच स्वस्त कर्ज दिलं.
महिन्यात एकशेचाळीस चुली. मी मोजल्या.
बायकांचे डोळे निवळले,
टेकडीवरची झाडं अजून उभी आहेत.

मग जुलैतली ती रात्र, पावणेदोन.
न्कुबूच्या पोलीस ठाण्यात माझा कोओमे,
आणि सकाळच्या आत भरायचा त्याचा जामीन.
कुणाचं दार वाजवायचं होतं?
कुठली तीन दारं, कुठल्या तोंडानं?
पांघरुणाच्या आत मी फोन उघडला.
त्यानं विचारलं नाही, कशासाठी.
केवढं बरं वाटलं.
त्यानं विचारलंच नाही, कशासाठी.

बावीस वर्षं मी लोकांची पत लिहिली,
माझी तेव्हा पाहिली:
एक आकडा, त्याखाली हिरवी रेघ.

तिसऱ्या दिवशी कारेगी आला,
ओल्या मातीची अळकुडी पिशवीत घेऊन.
पोराचं नाव काढलं नाही.
चुलीपाशी बसला, चाकू मागितला,
साल काढता काढता म्हणाला,
"त्या फोनात माझं नाव कुठं घालायचं?"
म्हटलं, तसा रकानाच नाही.
"बरं," म्हणाला,
आणि पुढची अळकुडी घेतली.