अर्थिंग

कुरिअरवाल्यानं जाड खोका
वाइंडिंगच्या टेबलावर, तारेच्या रिळांत ठेवला.
आत दोन काळ्या तबकड्या. वर जयसिंग आळवेकर,
त्याखाली १९८८ – २०२२.
छातीत धस्स झालं.
अशी दोन सालं माणूस गेल्यावर टाकतात.
फोन लावला. त्यानंच उचलला.
"मेलो न्हाई मर्दा. निवडक हाय ते."

चौतीस वर्षांतले एकोणीस तुकडे.
पहिला उद्यमनगरातला, फौंड्रीमागच्या खोलीतला.
जळक्या पंपातून मी काढलेली गुंडाळी,
त्यानं बेंजो पार्टीतून उसना आणलेला कॅसिओ.
त्याचा वरचा सा दाबला की खालचा पही बोलायचा.
वरातीत त्या चुकीला शिव्या बसायच्या,
रात्री तो तीच चूक तासभर दाबून बसायचा.
बेंजोची सहा वर्षं मात्र खोक्यात नाहीत.
तिकडच्यांना ती नोकरी वाटली असणार.

पुस्तिका परदेशात छापलेली. पोरानं वाचून दाखवली:
यंत्रांच्या गावात एकट्या माणसाचं संगीत.
एकटा कसला?
भिंतीपलीकडं तीन पाळ्यांत लेथ,
आणि बाळू चहावाला दर दोन तासांनी दार ढकलायचा.
चौथ्या तुकड्यात त्याचे ग्लास वाजलेत,
नीट ऐकलं तर.
शेवटच्या पानावर आभार. त्यात मी.
हनीफ मुजावरचा हरीफ मुजावर झालाय.
एका अक्षरात बदलून टाकलं मला.

संध्याकाळी फुलेवाडीला गेलो, त्याच्या घरी.
तिसऱ्या तुकड्याला त्यानं सुई उचलली.
"घुं कुठं गेली?"

आमच्या प्रत्येक टेपमध्ये घुं होती,
तळाशी, पातेल्याच्या करपीसारखी.
खोलीचं अर्थिंग कच्चं. उन्हाळ्यात खड्डा सुकला
की घुं जाडावायची.
मग त्याची आई भांडी आटोपून यायची,
तांब्याभर पाणी खड्ड्यात सोडायची,
वर मीठ, आमटीला घालतात तेवढंच.
टेप मे महिन्यातली की श्रावणातली
हे आम्ही लेबल न बघता सांगायचो.
तिकडच्या कुणी भल्या माणसानं
चौतीस वर्षं धुऊन, पुसून, वाळवून पाठवली होती.

"लई स्वच्छ केलंय," जयसिंग म्हणाला.
नंतर बराच वेळ काही म्हणाला नाही.

शेवटचा तुकडा लागला.
"हनीफ, वर बारीक काय वाजतंय का?
काचेच्या चुऱ्यागत. दोन महिने घातले हुते त्यात.
मला आता वरचं काय येत न्हाई."
"हाय की," मी म्हणालो. "लई बारीक हाय."
चाळीस वर्षं ग्राइंडरशेजारी बसलेला मी,
मला तरी कुठलं येणार.

तबकडी संपली. सुई काठाला खरवडत राहिली.
त्यानं स्क्रू ड्रायव्हर मागितला,
ॲम्प्लिफायरचा प्लग काढून उघडला,
हिरवी तार सोडवली, प्लग परत खोचला.
"शॉक बसंल," मी म्हणालो.
"गप."

आली.
आधी पायांना कळली, मग कानांना.
त्यानं डोळे मिटले. मी मिटले नाहीत,
कुणीतरी त्या उघड्या तारेकडं बघायला हवं होतं.

आतून त्याच्या सुनेनं विचारलं,
"मामा, फ्रिज वाजतोय का ओ?"