गुरुवार

नाना पेठेत लतीफ मिस्त्रींच्या गॅरेजात
जमीन नक्की कुठे सुरू होते सांगता येत नाही.
तीस वर्षांचं काळं ऑइल, त्यावर भुसा,
भुशावर पुन्हा ऑइल,
मधेच एखादा वॉशर, तोही आता जमिनीचाच.

मी चमचाभर माती मागितली.
त्यांनी आधी चमच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.
"सोनं निघालं तर अर्धं माझं."
चमचा वाकला. शेवटी पोऱ्यानं
पान्ह्यानं खरवडून दिली.

पाषाणला, प्रयोगशाळेत:
पाणी, चिमूटभर क्षार, वर हेक्साडेकेन.
साखरेचा कण नाही, पिठाचा नाही.
आमचे सर म्हणायचे, पानात एकच पदार्थ वाढा
आणि बघा, कोण जेवतं.

चार दिवस कोणीच जेवलं नाही.
शेकर घरघरत राहिला.
मी फ्लास्क उजेडासमोर धरायचे,
खाली नितळ पाणी, वर तेलाची तकतकीत बेफिकिरी.

पाचव्या दिवशी पाणी गढूळलं.
सहाव्या दिवशी ताकासारखं.
सावंतवाडीला आईला फोन केला: यीस्ट आलं!
"आंबोळ्यांचं पीठ येतं तसं?"
तसंच.
"वास कसला येतो?"
रॉकेलचा. आणि मागून, थोडासा, पावाचा.
ती बराच वेळ काही बोलली नाही.
मग म्हणाली, जेवलीस का?

काचेखाली थेंब म्हणजे एक अख्खं गाव.
काठाला पेशी, खांद्याला खांदा,
तेलाशी जमावं म्हणून अंगाची साल बदललेल्या.
साबण त्या घरीच करतात,
थेंबाचे थेंब, त्या थेंबांचे थेंब,
गिळता येईल इतका लहान घास होईपर्यंत.
आणि पोटात, गोल गोल, साठवलेली चरबी.
तेल गेलं, तूप आलं.
धुपाटणं तेवढं माझ्या हाती.

गुरुवारी वीज गेली.
जनरेटर फक्त फ्रीजपुरता.
शेकर थांबला तेव्हा कळलं
की महिनाभर मी त्याच्याच तालावर श्वास घेत होते.
तेल पुन्हा वर निघालं, जुन्या सवयीनं.
मी दोन फ्लास्क उचलले, दोन हातांत,
आणि गोल फिरवत राहिले, दहापासून सव्वाबारापर्यंत.
मनगटं भरून आली.
का कोण जाणे, लतीफमियांचे तळवे आठवले.
आधी रॉकेल, मग भुसा, मग साबण,
तरी रेषा काळ्याच.
लग्नाच्या दावतीत ते चमच्यानं जेवतात,
पोऱ्यानं सांगितलं होतं, हळूच.
तीस वर्षं तेलात राहून
त्यांच्या कातडीनं ही विद्या काही उचलली नाही.
नुसता खोकला उचलला.

पुढच्या महिन्यात बशी घेऊन गेले.
झाकणाखाली सायीच्या रंगाचे सुरकुतलेले ठिपके.
"हे माझ्या जमिनीतलं?"
हो.
"खातं काय?"
तुमचं ऑइल.
त्यांनी बशी उन्हाकडे तिरकी केली,
कार्ब्युरेटरची जाळी बघतात तशी.
"म्हणजे तीस वर्षं यांनाही मीच पोसलं."
मग, "तरी जमीन काळीच कशी?"

मी म्हटलं, सावकाश खातात. ओल लागते, हवा लागते,
थोडं खत. आणि तुम्ही रोज वाढता
त्यांच्या भुकेपेक्षा जास्त.
उत्तर मलाच पटलं नाही पुरतं.

आता त्या कोपऱ्यात स्कूटर लावत नाहीत.
गुरुवारी वीज नसली की काम नसतं,
तेव्हा पोऱ्या माती उकरतो, युरियाचं पाणी शिंपडतो,
मिस्त्री स्टुलावर बसून बघतात.
फरक पडलाय का? मी वाकून पाहिलं.
मला नाही दिसला.
तसं म्हणाले नाही मी,
पण त्यांनी ओळखलं.
"चार दिवस कोणी जेवत नाही," ते म्हणाले,
"तुम्हीच सांगितलं होतं ना, बाई?"