उघडी

उद्यमनगरात भट्टी निवत आली, तेव्हा
सुजितनं गाडी आणून लावली. इटलीची. लाल.
अंगावर पत्रा नाही, नळ्यांचा सांगाडा सगळा दिसतो,
इंजिन तर उघडंच.

पोरं विचारत होती, कागलच्या हायवेला किती गेली,
पहिल्यात पुढचं चाक उचलती का.

दस्तगीरमामा उकिडवा बसला.
वेल्डिंगवरून नख फिरवलं,
मग क्रँककेसवर तळवा ठेवला.
"एकबी ब्लोहोल न्हाई.
कुणीतरी घाई केली न्हाई बघ."

चाळीस वर्षं त्यानं ओतलेलं
पंपात गेलं, ट्रॅक्टरच्या पोटात गेलं,
कुणाला दिसलं नाही.

"बसा मामा, शिरोलीपर्यंत जाऊन येऊ."
मागची सीट पंजाएवढी.
"नगं. नुसती चालू कर."

तापल्या धातूवरचा हात
त्यानं लगेच काढला नाही.