आठ सेकंद मागं

गेल्या साली कुद्रेमानीच्या फडात
शेवटची जोड लागली तेव्हा
आमच्या गल्लीत एकच कुस्ती चार वेळा झाली.

आधी ओरडलं भैरू हुंदऱ्याचं घर.
मग चक्कीवाले. मग वरच्या आळीतली पोरं.
आमच्या ओसरीवर मात्र, फोनच्या पडद्यात
दोघं अजून मानेला मान लावून उभेच.
बापू म्हणाला, "बंद कर ते. शिळं झालंय."

मी टॉवरचा माणूस, मलाच विचारणार सगळे.
मी म्हटलं, बाराशे फोन एकाच विहिरीवर आलेत,
पाणी तेच, पण जो तो आपली घागर वेगळी भरून मागतोय.
तुळसाक्का पाटाच्या पाळ्या लावते,
तिनं मान वर न करता विचारलं,
"मग एकदाच सोड की पाटात."

यंदा तेच केलं.
हुबळीहून शिवलीला हिरेमठ फोनवर.
तिचं कन्नड, माझं मराठी, दोघांचं मोडकं इंग्रजी.
कुद्रेमानी, बाची, उचगाव : तीन टॉवर,
एक लहर, एक शब्द, एकच क्षण.
क्षण म्हणजे "आता" नव्हे.
"आता" म्हणून होईस्तोवर
तो पृथ्वीला दोन वळसे घालून आलेला असतो.

वेळ वरून येते.
टॉवरच्या डोक्यावर एक पांढरी अळंबी असते,
ती उपग्रहांची घड्याळं ऐकत बसते.
बाचीला तिच्यावर घारीनं काटक्या रचल्या होत्या.
घरटं तसंच ठेवलं.
अळंबी हलवली, दोन हात बाजूला.

वाटणीवरनं भांडलो.
ती म्हणाली, शंभरातले चाळीस फडाला.
मी म्हटलं, पंचवीस.
त्या रात्री कुणाला कळा सुरू होतील,
कुणी पुण्याच्या पोरीला उगीच विचारत असेल, जेवलीस का,
त्यांना कुस्तीशी काय?
तिसावर थांबलो. "सरी," ती म्हणाली.
तीसच का, ते आम्हा दोघांनाही सांगता यायचं नाही.

दोन शब्दांच्या मध्ये थोडी मोकळी जागा सोडतात.
उचगावची लहर लांबून येते, दमून येते.
त्या जागेत पोचली तर तिला आपलीच धरतात, बळ वाढतं.
नंतर आली
तर शब्द तोच, लहर तीच,
आणि तिचा गोंगाट होतो.
हे मला आधी कळायला हवं होतं.
धाकटा रवळू अडखळत बोलायचा,
त्याचं वाक्य आमच्या घरात कधी पुरं झालं नाही.

मग राहिली शिनोळी.
नाल्यापलीकडं सर्कल बदलतं,
तिथं आपली लहर सांडायची नाही, असा करार.
कुद्रेमानीचं एक तोंड दोन अंश खाली वाकवलं,
नट आवळला.
तिकडं माझी मावशी राहते.
आवळताना वस्तीतले दिवे दिसत होते.

साडेदहाला निकाल लागला.
गल्ली एकदाच ओरडली.
चक्की, हुंदरे, वरची आळी, आमची ओसरी,
सगळ्यांचा मिळून एकच आवाज, इतका मोठा
की कुत्री उठून गप्प उभी राहिली.
शिवलीलानं तिकडनं विचारलं, "आयतु?"
मी म्हटलं, "आयतु."

कट्ट्यावर नागोजी पैलवान बसले होते.
नजर जाऊन नऊ वर्षं झाली.
म्हणाले, "संपली? एवढ्यात?"
गेल्या साली हुंदऱ्याच्या दारातनं निघालेली कुस्ती
घर घर करत त्यांच्याकडं चालत आली होती.
त्यांना वाटलेलं,
खालचा पाठ टेकू देत नाहीये.

आता त्यांना काय सांगावं?
मी तोंड उघडलं,
तेवढ्यात नाला ओलांडून,
आठ सेकंद मागं,
मावशीच्या वस्तीचा आरडाओरडा आला.

नागोजींनी हात वर केला.
"थांब," म्हणाले,
"चाललीय अजून."