लाइन गेल्यावर

रात्री दोनला कूलर थांबतो
आणि मी ताडकन उठून बसतो.
टेका नाक्यापासून सगळा अंधार.
वाळ्याच्या ताटीतून उरलेलं पाणी टपकतंय.
हात आपसूक खाटेखाली जातो,
चपला उलट्या करून आपटतो, दोनदा.
विंचू नसतो.
चौतीस वर्षांत एकदाही नव्हता.

काँगोत जनरेटर घरघरत असेतो झोप.
तो थांबला की अख्खी रांग जागी,
आयरिश, स्वीडिश, इथिओपियावाले, आम्ही,
ज्याला जी शिवी येते ती दाताखाली धरून
बूट झटकत.

तसा मी लढायला गेलोच नव्हतो.
कामठीच्या टपाल सेंटरचा माणूस,
सामान म्हणजे तराजू, लाख, शिक्के.
पण खंदक हुद्दा विचारत नाही.
चिखल सगळ्यांना घोट्याएवढा,
हगवणही ज्याच्या त्याच्या देशाची राहिली नाही.
दिवसाला पाणी दोन बाटल्या:
एक प्यायला,
दुसरीत दाढी, मग त्यातच मोजे.
डब्यातले बीन्स सकाळी थंड, संध्याकाळी थंड.
पंचफुलानं फडक्यात शिवून काळा मसाला पाठवला,
तो भुरभुरला तर डेक्लन ढसाढसा रडला,
तेस्फायेनं मात्र बोट चाटून पुन्हा पान पुढं केलं.
आम्ही हसत होतो.
डावीकडं गोळा पडला.
हसू तोंडावर तसंच राहिलं,
पुसायचं कुणाला सुचलं नाही.

मी रोज लिहायचो घरी. रोज तेच.
मजेत आहे. हवा बरी आहे. कवेलू फेरून घे.
सेन्सॉरच्या कात्रीला
माझ्या पत्रात कधी काम मिळालं नाही.

डेक्लनची पत्रं पुढं पाच आठवडे येत राहिली.
परत पाठवण्याआधी वजन करायचं, नियम होता.
अर्धा औंस.
येताना जेवढं, जाताना तेवढंच.
काटा मी दोनदा तपासला.

पंचफुला कूस बदलते,
"लाइनच गेली न हो. झोपा."
तिला मी हवा बरी होती एवढंच सांगितलंय अजून.

मग कोपऱ्यावरच्या मंगल कार्यालयात
कुणीतरी दोरी ओढतं, एकदा, दोनदा,
आणि जनरेटर धरतो.
नवरा-नवरी कुणाची, कोण जाणे.
त्यांच्या घरघरीवर
मला पहाटेपर्यंत झोप लागते.