ओल आणि गळती

धंतोलीतल्या त्या खोलीत माझ्या कुठल्याही कूलरपेक्षा जास्त गार होतं.
बावीस मिनिटं नळकांड्यात निजलो, कानात कापूस,
तरी ठकठक, ठकठक, पत्रा ठोकावा तशी.
मनात म्हटलं, बाप्पा, याचा पंखा बॉडीला घासून राह्यला.

रिपोर्ट इंग्रजीत.
साळा लीलाधर मोबाइलवर शोधून मोकळा झाला:
"भाऊजी, मणक्यात गाठ. पाण्याची.
काढूनच टाका. आमच्या गोळीबार चौकातल्या एकाचे..."
पुढचं त्यानं गिळलं.
रेवतानं भाताचं पातेलं खाली ठेवलं.
त्या रात्री कूलरमेकॅनिकच्या घरात
कूलरला पाणी घालायचं कोणाच्या ध्यानात आलं नाही.

डॉक्टर गजभिये बाईंनी काळा फोटो उजेडाला लावला.
माकडहाडाच्या थोडं वर
एक पांढरा ठिपका.
मेंदूभोवती असतं तेच हे पाणी, म्हणाल्या,
शिरेच्या आवरणाला आलेला फुगा,
कदाचित तुम्ही शाळेत होता तेव्हापासूनचा.
केवढा? संत्र्याएवढा?
हसल्या. इथं सगळे हेच विचारतात.
"संत्र्याच्या बीएवढा."

मग दुखतं काहून?
"एप्रिलात किती कूलर उचलले?"
मी मोजू लागलो: मानेवाडा, नंदनवन,
हुडकेश्वरचा तो तिसरा मजला, लिफ्ट बंद...
साठावर थांबलो.
"मग चोर दुसरा आहे. याच्या नावानं बोंबलू नका."

मला टाचांवर चालवलं, चवड्यांवर चालवलं,
डोळे मिटायला लावून अंगठ्याला कापूस लावला.
समजतं?
समजत होतं.

पाण्याचं मला कळतं. तेवीस वर्षं झाली.
टाकीला बाहेरून ओल दिसली
की गिऱ्हाईक ओरडतं, गळते आहे, बदला.
मी नुसतं बोट फिरवतो.
बरेचदा तो गार पत्र्याचा घाम असतो.
त्याला भोक समजून खरवडणारा कारागीर
चांगली टाकी बाद करतो.

तरी विचारलंच, सुईनं उपसून टाका ना?
"उपसलं तर बहुतेकदा परत भरतं."
हे तर मी रोज पाहतो.

मग बाईंनी चष्मा काढला.
"कळ पायात उतरली आणि महिनोन्महिने हटली नाही,
गाठ वाढून शीर दाबू लागली,
तर ऑपरेशनचं बोलू.
पण पाऊल घासू लागलं,
चप्पल निसटली आणि कळलंच नाही,
बसायची जागा बधिर झाली,
लघवी अडली किंवा नकळत झाली,
तर सकाळची वाट पाहायची नाही.
त्याच रात्री मेडिकल गाठायचं.
मालिश नाही. लीलाधर नाही."
(तो बाजूलाच बसला होता.)

रेवतानं ते सगळं
गॅसच्या पुस्तकाच्या मागं लिहिलं, मोठ्या अक्षरात.
दिवाळीनंतर, कूलर ताडपत्रीत बांधून झाले की
परत फोटो काढायचा.

तोवर अंगणात रोज टाचांवर चार फेऱ्या.
शेजारच्या ढाकाटेबाई म्हणतात, मोरेश्वरला लग्नात नाचायचं दिसते.
कूलर आता दोघं उचलतो, मी अन् इरफान.
"उस्ताद, डर गए क्या?"
हो ना.

रात्री खिडकीतला कूलर थेंब थेंब वाजतो.
गळते का? रेवता विचारते, अर्धवट झोपेत.
उद्या पाहतो, म्हणतो मी,
आणि अंधारात पायाची बोटं हलवून बघतो.
पाचही.
मग दुसऱ्या पायाची.